रिपोर्टमध्ये बोल्ड काहीच नाही, मग हार्ट ठीक आहे ना?

ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी १७ वर्षं काम करते, सकाळी साडेसहाला स्कूटर काढून नौपाडा, चरई, वर्तकनगर असं घरोघरी जाऊन रक्त घेते आणि दुपारी लॅबला परत. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेला की दहा मिनिटांत फोन येतो, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच, "ताई, बोल्ड काही नाहीये ना?" कारण लोकांना आता कळलंय की आकडा रेंजच्या बाहेर गेला की तो जाड अक्षरात छापून येतो, नाही आला म्हणजे सुटलो, रिपोर्ट फाईलला लावायचा आणि पुढच्या वर्षीपर्यंत विसरून जायचं.

माझ्या मामाचा रिपोर्टही असाच होता. वय ५१, वागळे इस्टेटमधे नोकरी, सिगरेट नाही, दारू नाही, रविवारी सकाळी उपवनला दोन फेऱ्या. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १२४, बोल्ड नाही. ऑफिसच्या चेकअपमधे मे महिन्यात स्ट्रेस टेस्टही झाली, तीपण नॉर्मल. आणि ऑगस्टमधे पहाटे त्याला अटॅक आला. तो वाचला, पण तेव्हापासून मी फोनवर "नाही हो, बोल्ड काही नाही" एवढं बोलून फोन ठेवत नाही. त्याच कारणाने हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, गोळ्या सांगणं माझं काम नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं एवढं तरी प्रत्येकाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी ती रेंज काय असते ते सांगते. लॅबच्या सॉफ्टवेअरला तुमच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत असतात, वय आणि स्त्री की पुरुष. तुमचे वडील कितव्या वर्षी गेले, तुम्हाला शुगर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, तुम्ही तंबाखू खाता का, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. त्यामुळे एलडीएलसमोर छापलेली रेंज सगळ्यांना सारखीच, २२ वर्षांच्या धडधाकट मुलीला तीच आणि अँजिओप्लास्टी झालेल्या काकांनाही तीच. पण डॉक्टरांच्या हिशोबात प्रत्येकाचं टार्गेट वेगळं असतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मधे आपल्या लोकांसाठी जे आकडे दिले त्यात ज्याला धोका कमी आहे त्याचं एलडीएल १०० च्या खाली हवं, ज्याला धोका जास्त आहे, म्हणजे डायबेटिस किंवा बीपी वगैरे आहे, त्याचं ७० च्या खाली, आणि ज्याला अटॅक येऊन गेलाय किंवा धोका फारच जास्त आहे त्याचं ५५ च्या खाली. म्हणजे रिपोर्टवरचं १२४ बोल्ड नसेल, पण यातल्या कुठल्याच माणसाला ते बरोबर नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर, हा विचार अजूनही येतो.

आता नळीत नेमकं होतं काय. बहुतेकांच्या डोक्यात बिल्डिंगच्या पाण्याच्या पाईपचं चित्र असतं, क्षार साठत साठत पाईप बारीक होतो आणि एक दिवस बंद पडतो. हृदयाच्या नळीचं असं नसतं. त्यापेक्षा जुलै महिन्यातली आपल्या घरातली भिंत आठवा, पश्चिमेकडची, पावसाच्या माऱ्याची. पाणी भिंतीच्या आत मुरतं, वरून रंग छान दिसतो, मग रंगाखाली हळूच फुगा येतो, आणि कधीतरी कपाट सरकवताना धक्का लागला की तो पोपडा फुटतो. नळीतही चरबी आतल्या अस्तराच्या खाली, भिंतीत मुरते. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल घेऊन फिरणारे बारीक कण, ते जितके जास्त आणि जितकी वर्षं जास्त तितके जास्त मुरतात. शरीर मग तिथे सफाईला पेशी पाठवतं, त्या पेशी ती चरबी खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून बसतात, सूज राहते, आणि वर पातळ पापुद्रा धरतो. बीपी जास्त असेल तर अस्तरावर सतत मारा, तंबाखूने आणि शुगरने ते अस्तर कमजोर, म्हणून मुरणं आणखी सोपं.

हा पापुद्रा एक दिवस फाटला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि जखमेवर रक्त गोठतं तसं ते तिथे गोठतं. नळी असते तीन-चार मिलिमीटरची, गाठ झाली की काही मिनिटांत बंद. हाच तो अटॅक. आणि मुख्य गोष्ट ही की फुटणारा फुगा बऱ्याच वेळा मोठा नसतोच, नळी ४०-५० टक्केच अडवणारा असतो. स्ट्रेस टेस्ट म्हणजे पट्ट्यावर पळवतात ती टेस्ट, त्यात कळतं ते पळताना रक्त कमी पडतंय का, आणि कमी पडायला साधारण ७० टक्क्यांच्या पुढे ब्लॉक लागतो. म्हणजे मे महिन्यात मामाची टेस्ट खोटी नव्हती, तिला जे विचारलं त्याचं उत्तर तिने बरोबर दिलं होतं, आपण मात्र ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावून मोकळे झालो.

आणि हे मुरणं फार लवकर सुरू होतं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली होती, १९५३ मधे त्याचा रिपोर्ट आला, सरासरी वय २२, आणि दर चारांत तिघांच्या हृदयाच्या नळ्यांमधे हे मुरलेलं डोळ्यांना दिसत होतं. बावीस वर्षांची पोरं. आपल्याकडे तर अजून घाई आहे, ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ मधे आला त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की तंबाखू, कोलेस्टेरॉलची गडबड, बीपी, शुगर, पोटाचा घेर, ताण, भाज्या-फळं कमी, व्यायाम नाही अशा नऊच गोष्टींमधे पुरुषांचा जवळजवळ ९० टक्के धोका सापडतो, बायकांचा त्याहून थोडा जास्तच. म्हणजे नशीब नशीब आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं मोजता येतं.

मग स्पेशालिस्टकडे काय होतं? लोकांना वाटतं कार्डिओलॉजिस्ट म्हणजे अँजिओ करणारा, छातीत दुखल्याशिवाय तिकडे कशाला जा. मामाला डिस्चार्ज मिळाल्यावर मी माझ्या मामेभावाला, वय २६, एका कार्डिओलॉजिस्टकडे घेऊन गेले, त्याला काहीही होत नव्हतं. डॉक्टरांनी पहिली वीस मिनिटं स्टेथोस्कोपला हातही लावला नाही, नुसतं विचारत होते. घरात कोणाला हार्टचं काही? आम्ही म्हटलं वडिलांना आत्ता झालं. त्याआधी? मामी म्हणाली नाही, सासऱ्यांना तसं काही नव्हतं, ते झोपेतच गेले. कितव्या वर्षी? ४८. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हेच तर मी विचारतोय.

आपल्याकडे किती घरांत असं आहे बघा, "झोपेतच गेले", "जेवून उठले आणि कोसळले", "रात्री गॅस झाला होता, सकाळी उठलेच नाहीत", आणि आपण ते हार्टमधे धरतच नाही, सोन्यासारखं मरण आलं म्हणतो. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हार्टने आजारी पडले किंवा गेले असतील तर ते तुमच्या खात्यात मोजलं जातं. मामाचे वडील ४८ ला गेले ही गोष्ट मामाच्या कुठल्याच फाईलमधे नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती आणि कोणी सांगितली नव्हती.

मग डॉक्टरांनी एक टेस्ट लिहिली, लायपोप्रोटीन ए. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं फार क्वचित यायची, आता थोडी वाढलीये. हा एलडीएलसारखाच कण, फक्त त्याला एक जास्तीचं प्रोटीन चिकटलेलं असतं, त्यामुळे तो भिंतीत मुरायलाही चांगला आणि गाठ करायलाही. तो किती असणार ते आईवडिलांकडून ठरूनच येतं, लहानपणीच ठरतं आणि आयुष्यभर जवळजवळ तेवढंच राहतं, डाएटने हलत नाही, नेहमीच्या गोळ्यांनी कमी होत नाही, म्हणून ही टेस्ट बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ५० mg/dL च्या वर म्हणजे जास्त, आणि आपल्या लोकांत साधारण दर चार-पाच जणांत एकाला ती जास्त असते. मामाची निघाली ९६, मुलाची ८८. तिची खास औषधं अजून ट्रायलमधे आहेत, मग कळून उपयोग काय असं मामीने विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, हा एक दरवाजा बंद करता येत नाही म्हणून बाकीचे सगळे घट्ट लावायचे, एलडीएल आणखी खाली ठेवायचं, बीपी एकदम कंट्रोलमधे, सिगरेटला तर कधीच हात लावायचा नाही. एलडीएल १९० च्या वर असेल तर तीही वेगळी गोष्ट, तो जन्मजात दोष असू शकतो, हा दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो, आणि एकाला निघाला की घरातल्या मुलांचीही तपासणी करावी लागते.

ज्यांचं मधलंच आहे, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नको असं, त्यांना कधी कधी कॅल्शियम स्कोअर सांगतात. साधा सीटी स्कॅन, डाय नाही, सुई नाही, नळीच्या भिंतीत किती चुना धरलाय ते दिसतं. शून्य आला तर चांगली बातमी, पण तरुण माणसात किंवा सिगरेट ओढणाऱ्यात शून्यावर फार विसंबू नये कारण नवीन, मऊ फुग्यात चुना धरलेलाच नसतो. आणि छातीत काही होत नसताना हौसेने अँजिओ करून घेणं, "एकदाचं बघूनच टाकू" म्हणून, ते मला पटत नाही. स्टेंटमुळे, म्हणजे नळी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीमुळे, ज्याला अटॅक चालू आहे त्याचा जीव वाचतो, यात शंका नाही, पण ज्याला त्रास स्थिर आहे त्याला नीट औषधं दिली तर स्टेंटने पुढचा अटॅक किंवा मृत्यू आणखी कमी होतो असं मोठ्या अभ्यासांत, २००७ च्या करेजमधे आणि २०१९ च्या इस्केमियामधे, दिसलं नाही, छातीतलं दुखणं कमी व्हायला मात्र मदत होते. कारण सोपं आहे, स्टेंट एका पोपड्याची डागडुजी करतो, ओल तर सगळ्या भिंतीत असते.

आता ती कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन. तिच्याबद्दल इतकी भीती आहे की लोक सँपल देताना मला हळू आवाजात सांगतात, ताई मी गोळी बंद केलीये, डॉक्टरांना बोलू नका. ही गोळी आली कुठून ते सांगते, अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात हजारो बुरशा तपासल्या आणि क्योटोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. लिव्हर जे कोलेस्टेरॉल बनवतं ते ही गोळी कमी करते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. एलडीएल साधारण ३९ ने कमी झालं की अटॅक-स्ट्रोकसारखे मोठे झटके पाचातला एक टळतो, आणि जितकी वर्षं कमी राहील तितका फायदा वाढतो. पाय दुखतात म्हणतात ते काहींना खरंच होतं, पण लंडनला एक फार छान प्रयोग झाला, स्टॅटिनने त्रास होतो म्हणून सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली असं दिलं, तर खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, पण तो बहुतेक भीतीतून येत होता. शुगर थोडी वाढू शकते हेही खरं आहे, पण ज्यांना गोळी लागते त्यांना फायदा त्याहून बराच मोठा. म्हणून बंद करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, डोस कमी करून दुसरी जोडता येते. आणि सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत परत टेस्ट करा. हे कितीतरी लोक करतच नाहीत, गोळी चालू आहे म्हणजे झालं, टार्गेटला पोचलो का ते बघतच नाहीत. उपाशीपोटीच यायला पाहिजे असंही नाही, साध्या तपासणीला जेवून आलात तरी चालतं, ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, फार असेल तर गोष्ट वेगळी.

ॲस्पिरिनचं उलट. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून रक्त पातळ व्हायला रोज एक घेणारे मला आठवड्याला दोन-तीन भेटतात. ज्याला कधी अटॅक, स्ट्रोक, स्टेंट काही झालेलं नाही त्याने स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका फायदा खाऊन टाकतो.

बीपीबद्दल एकच सांगते, पण ते डोळ्यांनी बघून सांगते. तीन मजले चढून आलेल्या माणसाला क्लिनिकमधे बसल्या बसल्या पट्टा लावतात, तो तेव्हा मोबाईलवर बोलत असतो, हात हवेत लोंबकळतोय, शर्टाची बाही वर दुमडून दंडाला आवळलेली. त्या आकड्याला काही अर्थ नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-सिगरेट नाही, लघवी तुंबलेली नको, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. असं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा, सरासरी १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना ती वही दाखवा. डॉक्टरांना नुसत्या तोंडी आकड्यापेक्षा ही वही दहापट कामाची.

खाण्याचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. महिन्यातून एकदा मामलेदारची मिसळ खाल्ली म्हणून कोणाचं हार्ट बिघडत नाही, बिघडतं ते रोजच्याने, संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी, ताटातलं लोणचं आणि पापड, वरून घेतलेलं मीठ, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल. मीठ दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, पाच ग्रॅम, आणि सुकट, लोणचं, फरसाण यांतलंही त्यातच आलं. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास, घरात माणसं किती आणि कॅन किती दिवसांत संपतो ते एकदा मोजा, मी मोजलं तेव्हा मलाच धक्का बसला. कमरेचा घेर बेंबीजवळ टेप लावून, पुरुष ९० सेंटीमीटर, बायका ८० सेंटीमीटर, त्याच्या वर असेल तर तो जास्तच, वजनकाटा काही म्हणो. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असं, तलावपाळीला चार जणांच्या गप्पांबरोबर रेंगाळत मारलेली फेरी त्यात धरू नका.

तंबाखूवर मात्र थांबते. लोकमान्यनगरकडे, कळव्याकडे घरी सँपल घ्यायला गेले की किती बायका सांगतात, नाही ताई, तंबाखू अजिबात नाही, फक्त सकाळची मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. हिरड्यांतून तोच निकोटिन रक्तात जातो. डॉक्टरांनी "सिगरेट, तंबाखू?" विचारलं की या बायका खरंच मनापासून नाही म्हणतात, म्हणून डॉक्टरांनीही मशेरी हा शब्द वापरून विचारलं पाहिजे. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची १८००-११-२३५६ ही फुकटची हेल्पलाईन आहे. आणि बायकांनो, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, तेव्हा शुगर निघाली होती का, पाळी लवकर गेली का, हे हार्टच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. ती फाईल माळ्यावर पडलेली असते आणि पंधरा वर्षांनी तिचाच उपयोग असतो.

शेवटची गोष्ट, वेळेची. मामाला पहाटे साडेपाचला घाम फुटला, जबडा आणि डावा खांदा दुखायला लागला, त्याला वाटलं गॅस. लिंबू-सोडा प्यायला, फेऱ्या मारल्या, पाऊण तास गेला. मग रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलला नेलं तर तिथे ईसीजी काढून सांगितलं की कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, इथे नाही, दुसरीकडे न्या, ॲम्ब्युलन्स शोधण्यात आणखी चाळीस मिनिटं. तेवढ्यात हृदयाचा एक भाग कायमचा गेला, त्याचं पंपिंग आता ४० टक्के आहे, जिना चढताना मधे थांबतो. अटॅकमधे नळी उघडायला जितका उशीर तितका स्नायू मरतो, हॉस्पिटलच्या दारात गेल्यापासून ९० मिनिटांच्या आत बलूनने नळी उघडायची असं डॉक्टर लोकांचं गणित असतं, आणि आपल्या घोडबंदर रोडला संध्याकाळी सातला माजिवड्यावरून सुटायलाच किती वेळ लागतो ते तुम्हाला माहितीये. म्हणून आजच, काही होत नसताना, तुमच्या घराजवळ २४ तास कॅथलॅब चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं ते फोन करून विचारून ठेवा, रात्री तीनलाही चालू असते का असं स्पष्ट विचारा. छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, बायकांमधे आणि शुगरवाल्यांमधे नुसताच दम, मळमळ, गळून जाणं, असं वाटलं तर गाडी स्वतः चालवायची नाही, १०८ लावायचा आणि ईसीजी दहा मिनिटांत काढून मागायचा. आमच्या बिल्डिंगमधे मी हे सगळं एका कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमधे चिकटवलंय, दोन हॉस्पिटलांचे नंबर, १०८, आणि कोणाकडे रात्री गाडी असते त्यांची फ्लॅट नंबरं.

मामेभावाचं एलडीएल तेव्हा १३१ होतं. डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही, तीन महिने खाणं-चालणं करून बघू म्हणाले, ते ११२ वर आलं, मग त्याच्या लायपोप्रोटीन एमुळे आणि घरच्या इतिहासामुळे छोट्या डोसची गोळी सुरू केली. परवा त्याचं सँपल मीच घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, ६४. त्याने फोन केला तेव्हा बोल्डचं काही विचारलं नाही, म्हणाला, ताई, सत्तरच्या खाली आहे ना?